वहीची मागची पानं कोण वाचतं? नॅन्सी अ‍ॅटवेल यांचं ‘इन द मिडल’ वाचताना

तुम्ही शिक्षणशास्त्रात पीएच.डी.ची तयारी करत असाल आणि विषयात कुठेतरी ‘लेखन’ हा शब्द असेल, तर हे पुस्तक आज ना उद्या तुमच्या टेबलावर येणारच. माझ्याही आलं. पहिल्या वाचनात मी इतकी भारावून गेले की सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात सरळ लिहून टाकलं, ‘मुलांच्या लेखनाला सुटे गुण न देता प्रगतीवर आधारित मूल्यमापन केल्यास लेखन सुधारते, हे अ‍ॅटवेल (१९८७) यांनी सिद्ध केले आहे.’ गाईड मॅडमनी ‘सिद्ध’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, “बाई उत्तम शिक्षिका आहेत, मान्य. पण त्यांनी सिद्ध काय केलंय?”

उत्तर शोधायला मला बरेच महिने लागले. तुमचे तेवढे महिने वाचावेत, म्हणून ही पोस्ट. पुस्तक वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. माझ्या मते ते या विषयावरच्या सर्वांत चांगल्या पुस्तकांपैकी एक आहे, आणि म्हणूनच ते जपून वाचावं लागतं. वाईट पुस्तक आपल्याला फसवत नाही, ते आपण बाजूला ठेवतो. चांगलं पुस्तक आपल्याला पटतं आणि पटलं की आपण प्रश्न विचारायचे थांबतो.

पुस्तक काय आहे

नॅन्सी अ‍ॅटवेल या अमेरिकेतल्या मेन राज्यात बूथबे हार्बर या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात आठवीला इंग्रजी शिकवत होत्या. ‘इन द मिडल’ १९८७ मध्ये आलं. नावातला ‘मिडल’ म्हणजे मिडल स्कूल, साधारण आपली सहावी ते आठवी. त्या काळात शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये डोनाल्ड ग्रेव्हज आणि त्यांचे सहकारी लहान मुलं प्रत्यक्ष कशी लिहितात, याचं वर्गात बसून निरीक्षण करत होते. लेखन ही एका बैठकीत उरकायची वस्तू नाही, विषय सुचणं, खरडणं, खोडणं, पुन्हा लिहिणं अशी ती प्रक्रिया आहे, हा विचार तिथून पसरला. अ‍ॅटवेल यांनी तो किशोरवयीन मुलांच्या वर्गात आणला आणि रोजच्या रोज तो चालवायचा कसा, ते लिहिलं.

पुढे १९९० मध्ये त्यांनी मेनमध्येच एजकोम इथे ‘सेंटर फॉर टीचिंग अँड लर्निंग’ ही छोटी शाळा काढली. २०१५ मध्ये पहिलं ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळालं. बक्षिसाचे दहा लाख डॉलर त्यांनी शाळेला देऊन टाकले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९९८ ला आली, नंतर तिसरीही. आवृत्त्यांचा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटाकडे लागेल.

कामाची मांडणी: दोन फाइल आणि एक तक्ता

पुस्तकाचा सर्वांत भक्कम भाग कोणता म्हणाल, तर कागदांची व्यवस्था. ऐकायला नीरस वाटतं, पण ज्यांनी शाळेत एकदा तरी निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा घरी नेलाय त्यांना कळेल की सगळं दुखणं तिथेच असतं.

अ‍ॅटवेल यांच्या वर्गात प्रत्येक मुलाच्या दोन फाइल असतात. एक रोजची, चालू कामाची. तिच्यात अर्धे मसुदे, सुचलेल्या विषयांची यादी, आणि संपादनात मूल जे नियम शिकलं त्यांची यादी. दुसरी फाइल वर्गातच राहते. पूर्ण झालेलं लेखन सगळ्या कच्च्या मसुद्यांसकट तिच्यात जातं आणि वर्षभर साठत राहतं. तासाची सुरुवात काही मिनिटांच्या छोट्या पाठाने होते, मग मुलं लिहितात आणि बाई वर्गात फिरून एकेकाशी हळू आवाजात बोलतात. मसुदा पुरा झाला की मूल वेगळ्या रंगाच्या पेनने स्वतः संपादन करतं. त्यानंतर बाई बघतात, पण वीस चुका दाखवत बसत नाहीत. एक-दोन निवडतात आणि त्याच शिकवतात.

आणि तक्ता. याला त्या ‘स्टेटस ऑफ द क्लास’ म्हणतात. रोज लिहायला सुरुवात करण्याआधी बाई प्रत्येक मुलाचं नाव घेतात. हजेरीला आपण ‘हजर’ म्हणायचो, तसं इथे मूल एका वाक्यात सांगतं, आज मी काय करणार. ‘आजोबांवरच्या लेखाचा दुसरा मसुदा’, ‘नवी कविता सुरू’, ‘संपादन’. बाई त्याची सांकेतिक अक्षरांत नोंद करतात. दोन-तीन मिनिटांचं काम. आठवडा भरला की मुलांची नावं उभी, वार आडवे असा एक कागद तयार होतो.

संशोधक म्हणून या कागदाकडे बघा. नेहमीच्या वर्गात शिक्षकाला फक्त शेवटचा निबंध दिसतो. तो एका दिवसात लिहिला की चार दिवस रखडून, कुठून उतरवला, कुठे अडला, यातलं काही कळत नाही. हा तक्ता रखडणं दाखवतो. एखाद्या नावापुढे सलग चार दिवस ‘पहिला मसुदा’ आलं, की बाईंना आज कुणाजवळ आधी जाऊन बसायचं ते कळतं. वेगळी चाचणी नाही, मुलाचा वेळ जात नाही, आणि वर्षभराची माहिती आपोआप जमते. अशी साधनं शिक्षणसंशोधनात फार कमी आहेत.

आता दुसरी बाजू. तक्त्यात जे येतं ते मुलाचं म्हणणं असतं. मूल काय करणार आहे ते तिथे लिहिलंय, काय केलं ते नाही. शिवाय ते सगळ्या वर्गासमोर मोठ्याने सांगायचं आहे. आठवीतला मुलगा ‘मी माझ्या घरातल्या भांडणावर लिहितोय’ असं सर्वांदेखत म्हणेल? तो ‘क्रिकेट’ म्हणेल, किंवा ‘चालू आहे’ म्हणून मोकळा होईल. तेव्हा हा तक्ता अध्यापनाचं साधन म्हणून फार चांगला, पण विदा म्हणून वापरायचा तर मसुद्यांशी ताडून बघणं आलंच. पुस्तकात हे ताडणं बाईंच्या डोक्यात होतं, कागदावर होत नाही. त्यांना त्याची गरजही नाही. गरज आपल्याला आहे.

गुणांचं काय करतात

सुट्या लेखनाला अ‍ॅटवेल श्रेणी देत नाहीत. तिमाही संपली की प्रत्येक मुलाशी स्वतंत्र बसून बोलतात. तुझं सर्वांत चांगलं लेखन कुठलं आणि का? मागच्या वेळी ठरवलेल्या उद्दिष्टांचं काय झालं? पुढे काय करून बघायचंय? मग दोघं मिळून मोजकी उद्दिष्टं ठरवतात. शाळेला प्रगतिपुस्तकावर श्रेणी हवीच असते, ती या उद्दिष्टांच्या दिशेने मूल किती सरकलं यावर मुख्यतः ठरते.

यामागचा विचार सरळ आहे. मूल नवं काही करून बघतं तेव्हा ते आधी बिघडतं. पहिल्यांदा संवाद लिहिणारी मुलगी अवतरणचिन्हांत गोंधळणारच. त्या एका लेखनाला तुम्ही गुण दिलेत तर तिने घेतलेल्या धोक्याची शिक्षा तिला मिळते, आणि पुढच्या वेळी ती हुकमी, गुळगुळीत काहीतरी आणून देते.

हे मला पटतं. पटण्याचं कारण पुस्तकात नाही, माझ्या एका वर्गात आहे. काही वर्षं मी सातवीला मराठी शिकवत होते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध दिला होता. बहुतेक वह्यांत तोच मोर, तोच इंद्रधनुष्य, तीच ‘आनंदी आनंद’ झालेली सृष्टी. सगळं निबंधमालेतून उतरवलेलं. एका मुलाने मात्र लिहिलं होतं की रात्री पत्र्यातून पाणी गळायला लागलं, आईने आधी पिठाचा डबा उचलला आणि मग त्याचं दप्तर, म्हणून वह्या भिजल्या. ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं, एकही परिच्छेद नाही. मी त्याला दहापैकी चार दिले. ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे’ असा शेरा मारला. मोरवाल्यांना सात-आठ मिळाले. पुढच्या निबंधात त्याच्याही वहीत मोर आला. चुका कमी झाल्या होत्या, म्हणून मी त्याला सात दिले आणि ‘छान प्रगती’ असं लिहिलं.

आज ते दोन शेरे आठवले की कानकोंडं व्हायला होतं. पण हा प्रसंग माझ्या शोधनिबंधात पुरावा म्हणून चालेल का? नाही. तो मला प्रश्न देतो, उत्तर देत नाही. अ‍ॅटवेल यांच्या पुस्तकाचंही नेमकं हेच आहे, फक्त त्यांचे प्रसंग माझ्यापेक्षा कितीतरी अधिक आणि नीट जपून ठेवलेले आहेत.

ज्यांचा आधार सगळे घेतात ते दोन अभ्यास

‘गुण देऊ नयेत’ असं लिहिताना बहुतेक प्रबंधांत अ‍ॅटवेल यांच्या जोडीला दोन संदर्भ येतात. दोन्ही मुळातून वाचा.

पहिला अभ्यास पॉल डीडरिक आणि सहकाऱ्यांचा, १९६१ चा, एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसमधला. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध ५३ वाचकांनी तपासले आणि त्यांची नऊ गटांत प्रतवारी केली. निकाल धक्का देणारा होता. ९४ टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊही वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. पाचपेक्षा कमी वेगळ्या श्रेणी मिळालेला एकही निबंध नव्हता. यावरून लोक सहज म्हणून जातात, ‘निबंधाचे गुण म्हणजे लॉटरी.’

पण पद्धतीचा भाग वाचा. हे ५३ जण मुद्दाम वेगवेगळ्या क्षेत्रांतले होते. इंग्रजीचे शिक्षक होते, तसे वकील, संपादक, वैज्ञानिक, उद्योगातले लोकही होते. त्यांना कोणतेही निकष दिले नव्हते, ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे प्रतवारी करायची होती. म्हणजे एकवाक्यता नसणार हे अभ्यासाच्या रचनेतच होतं. लेखकांना शोधायचं होतं ते वेगळं: लोक कशाकशावरून मतभेद करतात? आणि ते सापडलंही. कुणी विचारांना वजन देतो, कुणी मांडणीला, कुणी शैलीला, कुणी शुद्धलेखन-व्याकरणाला, कुणी शब्दयोजनेला. एवढं वाचल्यावर माझ्या चार गुणांचा अर्थ मला लागला. मी मनमानी केली नव्हती. मी एकाच गोष्टीला गुण दिले आणि ती कोणती, हे मुलाला सांगितलं नाही, आणि स्वतःलाही नाही.

दुसरा अभ्यास रूथ बटलर यांचा, १९८८ चा, इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचा. तीन गट होते: एकाला फक्त शेरे, दुसऱ्याला फक्त गुण, तिसऱ्याला दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांची रुची आणि कामगिरी सरस ठरली. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेली मुलं मात्र फक्त गुण मिळालेल्यांसारखीच वागली, म्हणजे गुणाने शेरा गिळून टाकला. ब्लॅक आणि विल्यम यांच्या १९९८ च्या आढाव्यातून हा निष्कर्ष जगभर पोचला आणि लेखनाच्या वर्गाबद्दल बोलतानाही सर्रास वापरला जाऊ लागला.

आता विचारा, बटलर यांनी मुलांना काय करायला दिलं होतं? निबंध नाही. छोटी कामं होती, एक दिलेल्या अक्षरांतून शब्द तयार करण्याच्या धर्तीचं आणि दुसरं निरनिराळ्या कल्पना सुचवण्याचं. सत्रंही तीनच होती. वर्षभर चाललेल्या लेखनाच्या वर्गाला तो निष्कर्ष लागू पडेलही, पण पडतो असं त्या अभ्यासाने दाखवलेलं नाही. ही उडी आपण मारतो. तुमच्या प्रबंधात उडी मारा, हरकत नाही, पण ‘इथे मी उडी मारते आहे’ असं वाचकाला सांगून मारा.

पुस्तकाला काय दिसत नाही

अ‍ॅटवेल यांच्यावरची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी टीका थेट त्यांच्यावर लिहिलेली नाही. लिसा डेल्पिट यांनी १९८६ आणि १९८८ मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’त दोन लेख लिहिले. प्रक्रियेवर भर देणाऱ्या मोकळ्या वर्गांबद्दल अनेक कृष्णवर्णीय शिक्षकांच्या मनात अस्वस्थता का आहे, हे त्यांनी मांडलं. मुद्दा थोडक्यात असा: ज्या मुलांच्या घरात प्रमाणभाषा आणि तिचे संकेत आहेत, त्यांना ‘तुला हवं ते लिही’ हे स्वातंत्र्य वाटतं. ज्यांच्या घरात ते नाहीत, त्यांच्यासाठी तो खेळ नियम न सांगता खेळायला लावल्यासारखा होतो. बाहेरच्या जगात मोजणी त्या नियमांनीच होणार असते. डेल्पिट नियमांची घोकंपट्टी मागत नाहीत. मुलाच्या आवाजाला जागा द्या आणि नियमही उघड, स्पष्ट शिकवा, असं त्या म्हणतात.

हे आपल्याकडे लावून बघायला फार दूर जायला नको. गळक्या पत्र्याचा निबंध लिहिणाऱ्या मुलाला नुसतं ‘किती खरं लिहिलंस!’ म्हणून मी दहापैकी नऊ दिले असते, आणि ऱ्हस्व-दीर्घ कधीच शिकवलं नसतं, तर दहावीच्या उत्तरपत्रिकेत त्याचं काय झालं असतं? म्हणजे चार देणं चूक होतं, पण नऊ देऊन गप्प बसणंही बरोबर नव्हतं.

दुसरं पुस्तक टिमथी लेन्समायर यांचं, ‘व्हेन चिल्ड्रन राइट’, १९९४ चं. ते स्वतः तिसरीच्या वर्गात लेखन कार्यशाळा घेत होते. मुलांना विषयाचं स्वातंत्र्य दिलं तेव्हा वर्गातली उतरंडही लेखनात उतरली. कोण कुणाशी बोलतं, कोण कुणाला टाळतं, कुणाला गोष्टीतून चिडवलं जातं, ते सगळं. अ‍ॅटवेल यांच्या पुस्तकातला वर्ग बहुतेक वेळा आपुलकीचा समूह म्हणून दिसतो. लेन्समायर दाखवतात की समूह आपुलकीचा असेल हे गृहीत धरता येत नाही. अ‍ॅटवेल यांचा सर्वांसमोर भरायचा तक्ता ह्या नजरेने पुन्हा बघा.

तिसरी अडचण साधी, हिशोबाची. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असं प्रमाण आहे. समजा, वर्गात ३५ मुलं आहेत आणि तिमाहीच्या शेवटी प्रत्येकाशी १५ मिनिटं बोलायचं आहे. ५२५ मिनिटं झाली. ३५ मिनिटांच्या तासिका धरल्या तर एका वर्गासाठी १५ तासिका. भाषेच्या बाईंकडे असे तीन वर्ग असतील तर सव्वीस तासांहून जास्त. आणि तेवढा वेळ बाकीच्या मुलांनी आपापलं लिहीत बसायचं आहे. अ‍ॅटवेल यांच्या वर्गात ते बसतं, कारण बाकीचे खरोखर लिहीत असतात. त्यांच्या व्यवस्थेचे सगळे भाग एकमेकांवर उभे आहेत. त्यातून फक्त ‘मूल्यमापनाची मुलाखत’ उचलून दुसऱ्या वर्गात ठेवली तर ती कोसळते.

आपल्याकडे हे घडलंय. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पाचवी-सहावीला आकारिक आणि संकलित यांचा भार निम्मा-निम्मा, सातवी-आठवीला ४० आणि ६०. सोबत प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी. कल्पना अ‍ॅटवेल यांच्या कल्पनेची सख्खी नसली तरी चुलत बहीण नक्की आहे: मुलाला एका परीक्षेने मोजू नका, वर्षभर बघा, शब्दांत लिहा. आणि झालं काय? तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. ‘आपले विचार स्पष्टपणे मांडतो’, ‘हस्ताक्षर सुवाच्य आहे’, ‘स्वाध्याय वेळेवर पूर्ण करते’. नावापुढे उतरवून टाकायचं. मुलं निबंधमालेतून उतरवतात आणि आम्ही शिक्षक नोंदींच्या यादीतून! मोर दोन्हीकडे आहे.

यात शिक्षकांच्या आळसाला दोष देणं सोपं आहे. मी तसं करणार नाही, कारण मीही त्या याद्या वापरल्या आहेत. नोंद लिहिण्याआधी बघायला वेळ लागतो. बघायचा वेळ न देता नुसती नोंद मागितली, तर नोंद मिळते.

मग पुस्तकाचं करायचं काय

आता आवृत्त्यांकडे येऊ. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत अ‍ॅटवेल यांनी स्वतःचीच पहिली आवृत्ती तपासली आहे. पहिल्या पुस्तकातले काही नियम आपण फार कडक पाळले, मोठ्या माणसाने स्वतःला जे येतं ते मुलाला सरळ दाखवायला इतकं बिचकायचं कारण नव्हतं, अशी त्यांची नंतरची भूमिका आहे. डेल्पिट यांच्या आक्षेपाच्या दिशेने त्या स्वतःहून काही पावलं आल्या, असं मला वाटतं. हे मला बक्षिसापेक्षा मोठं वाटतं. आणि तुमच्यासाठी कामाचंही आहे: ‘अ‍ॅटवेल म्हणतात’ असं लिहिताना कंसात सन टाकता, तो सन नीट टाका. १९८७ च्या अ‍ॅटवेल आणि १९९८ च्या अ‍ॅटवेल सगळीकडे एकमेकींशी सहमत नाहीत.

असं पुस्तक वाचताना मी आता चार प्रश्न वहीच्या कडेला लिहून ठेवते. तुम्हीही ठेवा.

१. लेखिका काय बघून बोलते आहे? तिच्याजवळ कागद आहेत की आठवणी?

२. जे मूल यशस्वी झालं ते पुस्तकात आलं. जे झालं नाही ते कुठे आहे? अ‍ॅटवेल यांनी सुरुवातीलाच आपल्याला न कळलेल्या एका मुलाची गोष्ट सांगितली आहे. तो चित्रं काढायचा आणि त्या ती बंद करायला सांगायच्या. चित्र ही त्याची लिहिण्याची तयारी होती, हे त्यांना फार नंतर कळलं. हा प्रामाणिकपणा मोठा आहे, पण पुस्तक जसं पुढे सरकतं तशी अशी मुलं कमी होत जातात.

३. व्यवस्थेचा एकच भाग उचलला तर तो एकटा उभा राहतो का?

४. आपण जो संदर्भ जोडतोय त्यात मुलांना प्रत्यक्ष काय करायला दिलं होतं?

शेवटी मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर. अ‍ॅटवेल यांनी सिद्ध केलं नाही, दाखवलं. असा वर्ग असू शकतो आणि तो असा असा चालतो, हे दाखवलं. शक्यता दाखवणं हे संशोधनाआधीचं काम आहे आणि ते कमी दर्जाचं मुळीच नाही. फक्त आपण त्याला निष्कर्ष म्हणू नये. सिनॉप्सिसमधलं वाक्य मी बदललं: ‘अ‍ॅटवेल (१९८७) यांच्या वर्गवर्णनातून असा प्रश्न पुढे येतो की...’

आणि प्रश्न पुढे आला तो असा. पुस्तक तिसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं, अ‍ॅटवेल यांच्या मुलांची जी दुसरी फाइल आहे, ती आमच्याकडेही होती की! निबंधाची वही. जून ते मार्च, तारीखवार, एकाच पुठ्ठ्यात. गळक्या पत्र्याचा निबंध आणि मोराचा निबंध यांच्यात अवघी तीन-चार पानं होती. मी मागे वळून बघितलं असतं तर ‘छान प्रगती’ लिहिताना हात थांबला असता. पण तपासायला येणाऱ्या वह्या कशा येतात आठवतंय? तपासायचं पान उघडून, एकात एक खोचून. मागचं पान दिसूच नये अशी ती रचना असते. गठ्ठा लवकर संपतो म्हणून ती आम्हीच मुलांना लावलेली शिस्त.

म्हणून मी आता फाइलवर किंवा श्रेणीवर काम करत नाहीये. माझा प्रश्न छोटा झालाय: शिक्षकाने शेरा लिहिण्याआधी त्याच मुलाची मागची दोन लेखनं वाचली, तर शेरा बदलतो का? आणि बदललेला शेरा मूल वेगळ्या रीतीने वाचतं का? वेळ लागेल, पण पंधरा तासिका नाही लागणार. उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं. तसं आलं तर तेही इथेच लिहीन.

तुमच्यापैकी जे शाळेत शिकवता शिकवता पीएच.डी.ची तयारी करताय, त्यांना एक काम देते. पुढचा गठ्ठा आला की फक्त पाच वह्या निवडा आणि लाल पेन उघडण्याआधी मागची पानं वाचा. मग शेरा लिहा. काय वेगळं लिहिलंत, ते स्वतःसाठी टिपून ठेवा. तुमच्या संशोधनाचा प्रश्न तिथे सापडेलच असं नाही, पण माझा तिथेच होता आणि मी तो पान उलटून पुढे गेले होते.